प्रश्न तुमचे: करड्यात रंग कुठून आला?

या वेळच्या पत्रांत कृष्णधवल प्रिंटांचीच गर्दी झाली. बहुतेकांचं दुखणं एकच: फोटो काळापांढरा आहे, पण छापला की हिरवट दिसतो, नाहीतर जांभळट, नाहीतर चहा सांडल्यासारखा. सगळी पत्रं छापणं शक्य नाही. ज्यांच्या उत्तरात इतरांचीही उत्तरं येतील अशी निवडली आहेत. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण खरी गोम तिथंच आहे.

प्रश्न: आजीचा एक जुना फोटो स्कॅन करून घरच्या चार शायांच्या प्रिंटरवर चकचकीत कागदावर छापला. सकाळी खिडकीपाशी पाहिला तर छान करडा. संध्याकाळी दिवा लावला आणि आजीचा चेहरा हिरवा! दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा करडा. शाई खराब झाली आहे का? की माझे डोळे?

दोन्ही शाबूत आहेत. तुमच्या प्रिंटमध्ये करडा रंग नाहीच, हे खरं कारण.

चार शायांच्या बहुतेक घरगुती प्रिंटरांत काळी शाई असते ती साध्या कागदावर अक्षरं छापण्यासाठी. ती रंगद्रव्याची, म्हणजे पिगमेंटची असते आणि चकचकीत कागदात ती मुरत नाही, वर बसून राहते. म्हणून ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकातल्या प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, तुम्ही फोटो कागद निवडलात की प्रिंटर ती काळी शाई बाजूला ठेवतो आणि निळसर सायन, मॅजेंटा आणि पिवळा या तिघांच्या ठिपक्यांतून करडा रचतो. आजीचे केस, गाल, पदराची सावली, सगळं या तिघांच्या भागीदारीत उभं आहे. एकाचं पारडं किंचित खाली गेलं की झाक आलीच. रंगीत फोटोत ती कुणाच्या लक्षातही येत नाही. करड्यात मात्र डोळा काही माफ करत नाही.

आता उजेडाकडे येऊ. खिडकीतल्या उजेडात सगळे रंग बऱ्यापैकी सारख्या प्रमाणात असतात. घरातल्या दिव्यात तसं नसतं. जुन्या तारेच्या बल्बमध्ये लाल भरपूर आणि निळा कमी, ट्यूबलाइटमध्ये काही रंगांचे एकदम उंच सुळके आणि मध्ये दऱ्या, एलईडीची तऱ्हा आणखी निराळी. तुमच्या तीन शाया मिळून जो करडा करतात तो एका विशिष्ट उजेडात जमलेला समझोता असतो. उजेड बदलला की समझोता मोडतो. इंग्रजीतून आलेला याचा शब्द मेटामेरिझम. नावाला घाबरू नका. कापडाच्या दुकानात जुळलेला धागा घरी आणल्यावर जुळत नाही, तोच हा प्रकार.

काळ्या शाईतल्या कार्बनचं असं होत नाही. कार्बन जवळपास सगळ्याच रंगांचा उजेड सारखा गिळतो, त्यामुळे दिवा बदलला तरी तो फारसा बदलत नाही. म्हणजे करड्यात कार्बन जितका जास्त आणि रंगीत शाया जितक्या कमी, तितकी प्रिंट स्थिर. आजच्या सगळ्या उत्तरांच्या मुळाशी हीच एक गोष्ट आहे.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. डार्करूम सोडून इंकजेटकडे वळले त्या पहिल्याच वर्षी एका प्रदर्शनासाठी चोवीस प्रिंटा करायच्या होत्या. रात्री काम, टेबलावर पिवळा दिवा. प्रत्येक प्रिंटमध्ये किंचित झाक दिसे, ती मी संगणकावर रंग कमीजास्त करायच्या पट्ट्या सरकवून सरकवून काढत बसले. आठवडाभर. चोवीसच्या चोवीस एकदम स्वच्छ करड्या झाल्या. सकाळी खिडकीपाशी मांडल्या आणि पाहते तर वांग्याचा मळा. मी झाक काढली नव्हती, माझ्या दिव्याची उलटी झाक प्रिंटमध्ये भरली होती.

तेव्हा रंगांच्या त्या पट्ट्यांना हात लावण्याआधी रोग कोणता ते ओळखा. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एकवीस पायऱ्यांची छापायची एक पट्टी बनवा. प्रत्येक पायरीत लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे समान हवेत. ती छापा, रात्रभर वाळू द्या आणि मग तीन उजेडांत पाहा: खिडकीत, ट्यूबखाली, रोजच्या दिव्याखाली. झाक प्रत्येक उजेडात वेगळी दिसली तर तो मेटामेरिझम, आणि तो कुठल्याही सेटिंगने जाणार नाही. तिन्ही उजेडांत सगळ्या पायऱ्यांवर एकच झाक असेल तर कागदाचा प्रकार चुकीचा निवडला गेला आहे किंवा प्रोफाइल, म्हणजे त्या प्रिंटरवर त्या कागदासाठी रंग कसे जुळवायचे ते सांगणारी फाइल, त्या कागदाचं नाही. आणि मधल्या पायऱ्या हिरवट पण गडद पायऱ्या लालसर, असा उलटसुलट कारभार असेल तर आधी नॉझल तपासणीचं पान काढा. एखाद्या शाईची छिद्रं बुजली की नेमकं असंच होतं. लोक प्रोफाइलवर दिवसच्या दिवस घालवतात आणि दोष निघतो तो चोंदलेल्या मॅजेंटात.

तुमचा मात्र मेटामेरिझमच आहे, वर्णनावरून शंका नाही. तीन वाटा आहेत. पहिली फुकटची: फोटो कुठे लावणार ते आधी ठरवा आणि त्या भिंतीवरच्या दिव्याखालीच पाहून सुधारा. दुसऱ्या खोलीत तो बिघडेल, बिघडू द्या. आजी काही खोल्या बदलत हिंडणार नाहीत.

दुसरी वाट फक्त काळ्या शाईची. मॅट, म्हणजे चकचकीत नसलेला, कागद घ्या, ड्रायव्हरमध्ये साधा किंवा मॅट कागद निवडा आणि करड्या छपाईचा पर्याय लावा. चकचकीत फोटो कागद निवडून नुसतं 'ग्रेस्केल' केलंत तर कित्येक प्रिंटर गुपचूप रंगीत शायाच वापरतात. भिंगातून पाहिलं की चोरी पकडली जाते, करड्यात गुलाबी आणि निळे ठिपके दिसतात. काळ्या शाईच्या वाटेत तोटा एवढाच की उजळ भागात, म्हणजे गालावर, कपाळावर, काळे ठिपके विरळ पडतात आणि रवा पसरल्यासारखं दिसतं. जुन्या फोटोंना मला ते शोभतं असं वाटतं. हे माझं मत झालं, तुम्ही एक छापून बघा.

तिसरी वाट करड्या शाया असलेल्या प्रिंटरची. काळ्या शाईचीच पातळ रूपं वेगळ्या टाक्यांत भरलेली असली की उजळ भागांसाठी रंगीत शायांची गरज फार कमी होते. एप्सनने 2002 साली 2200 या प्रिंटरात फिकी काळी शाई दिली, 2005 मध्ये के-थ्री शायांबरोबर आणखी फिकी तिसरी काळी आली, आणि कृष्णधवल छपाईचं चित्र तिथून पालटलं. कॅननच्या 2011 सालच्या प्रो-1 मध्ये तर काळ्या-करड्या मिळून पाच शाया होत्या. आता करडी शाई फक्त मोठ्या यंत्रांतच मिळते असंही नाही, टाकीवाल्या काही घरगुती फोटो प्रिंटरांतही ती असते. नवा प्रिंटर घेताना एकूण शाया किती हे विचारू नका, त्यातल्या काळ्या-करड्या किती ते विचारा.

आणि हो, स्कॅन केलेली फाइल खरंच करडी आहे का तेही पाहून घ्या. जुन्या फोटोची पिवळट तपकिरी झाक स्कॅनमध्ये उतरलेली असते. फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमधल्या, रंगाचे आकडे दाखवणाऱ्या ड्रॉपरने गालावर टिचकी मारा, तिन्ही आकडे सारखे नसतील तर आधी फाइल करडी करा, मग प्रिंटरला बोल लावा.

प्रश्न: माझ्या प्रिंटरात तीन काळ्या शाया आहेत. कृष्णधवलसाठी ड्रायव्हरमधला खास मोड वापरावा की कागदाचं प्रोफाइल लावावं? दोन्ही लावून पाहिलं, प्रिंट किरमिजी आली.

किरमिजी येणारच. फोटोशॉपने प्रोफाइल लावून रंग सुधारले, मग ड्रायव्हरने आपल्या अकलेने तेच पुन्हा सुधारले. एका डोळ्यावर दोन चष्मे. दोघांनीही सोडून दिलं तरी पंचाईत, दोन घरचा पाहुणा उपाशी. कारभारी एकच नेमा.

माझा कौल खास मोडला. एप्सनमध्ये त्याला 'अॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट' म्हणतात, कॅननमध्ये 'ब्लॅक अँड व्हाइट फोटो' अशा नावाची खूण असते. या मोडमध्ये प्रोफाइल लागतच नाही. फोटोशॉपमध्ये 'रंगांचा कारभार प्रिंटरकडे' असा पर्याय निवडायचा आणि पुढचं सगळं ड्रायव्हरवर सोपवायचं. प्रिंटर मुख्यतः तिन्ही काळ्या शायांनी चित्र उभं करतो आणि कार्बनचा तपकिरीपणा मारायला सायन-मॅजेंटाचा नुसता हात फिरवतो. कार्बन पातळ केला की तो तपकिरीकडे झुकतो, म्हणून एवढीही रंगीत शाई लागतेच. तरीही साध्या प्रोफाइलच्या वाटेपेक्षा ती खूपच कमी पडते, आणि उजेड बदलला तरी प्रिंट जागेवर राहते.

दोन ठिकाणी जपा. एप्सनच्या बऱ्याच ड्रायव्हरांत टोनच्या खान्यात 'डार्कर' आधीच निवडलेलं असतं. प्रिंट काळवंडलेली वाटली तर एक पायरी अलीकडे या. दुसरं ते रंगाचं चक्र. 'न्यूट्रल' निवडल्यावर टिंब मध्यभागी असतं, पण मध्यभाग म्हणजे तुमच्या कागदावरचा मध्यभाग नव्हे. एकाच फोटोतला बोटभर रुंदीचा तुकडा घ्या आणि टिंब प्रत्येक वेळी थोडं थोडं सरकवून सात-आठ पट्ट्या छापा. प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने आकडे लिहा. (लिहाच. मी एकदा लिहिले नाहीत आणि सगळ्यात देखणी पट्टी कोणत्या आकड्यांची ते आजतागायत सापडलेलं नाही.) एकदा आकडे मिळाले की त्या कागदासाठी ते कायमचे.

या मोडची खोट म्हणजे पडद्यावर प्रिंटचा खरा अंदाज दिसत नाही. ज्यांना प्रत्येक शाई स्वतः हाकायची आहे त्यांच्यासाठी रॉय हॅरिंग्टन यांचं क्वाडटोन रिप हे ड्रायव्हरच्या जागी वापरायचं सॉफ्टवेअर आहे. कुठली शाई कुठल्या छटेत किती पडेल याचे वक्र त्यात आपण ठरवतो, गार आणि उबदार वक्रांचं मिश्रणही करता येतं. फार गुणी साधन आहे, पण महिनाभर तरी तुमचं डोकं खाईल. आधी ड्रायव्हरच्या मोडमधून जे निघतं ते काढून घ्या.

प्रश्न: तीच फाइल, तोच प्रिंटर. एका पांढऱ्याशुभ्र कागदावर प्रिंट निळसर गार दिसते, सुती कागदावर उबदार. यातली बरोबर कोणती?

दोन्ही. करड्याला स्वतःची जात नसते, शेजारी पांढरं म्हणून काय ठेवलं आहे त्यावर त्याचा रंग ठरतो. आणि प्रिंटमधला पांढरा म्हणजे कोरा कागदच.

शुभ्र कागदात बहुतेक वेळा उजळवणारी रसायनं घातलेली असतात. ती अतिनील किरणं घेतात आणि निळसर उजेड बाहेर टाकतात, कपडे धुण्याच्या पावडरीत असतात तशीच. ज्या दिव्यात अतिनील नाही, उदाहरणार्थ बरेचसे एलईडी, तिथे ही रसायनं गप्प बसतात आणि कागद पिवळसर दिसू लागतो. अतिनील अडवणाऱ्या काचेमागे फ्रेम केलीत तरी तेच. शिवाय वर्षांगणिक त्यांची ताकद ओसरते. नोटा तपासायचा निळा दिवा कुठे मिळाला तर अंधारात कागदावर धरून पाहा. लख्ख निळा चमकला तर रसायनं भरपूर, मंद जांभळा राहिला तर नाहीत. टिकवायच्या प्रिंटांसाठी मी या दिव्याखाली न चमकणारा कागद घेते.

आता एक सापळा, ज्यात हुशार माणसंच जास्त अडकतात. रंग मोजायचं यंत्र मिळालं की लोक मधल्या करड्याचे लॅब आकडे, म्हणजे रंगाची झाक किती ते सांगणारे ए आणि बी, शून्यावर आणून बसवतात. यंत्राच्या लेखी प्रिंट निर्दोष. पण कागद जर नैसर्गिक, किंचित पिवळसर असेल तर त्याच्या शेजारी तो 'शून्य' करडा निळा दिसतो, आणि उजळ भाग पिवळे, मधले निळे अशी प्रिंट दुभंगते. खरं तर छटा कागदाच्या रंगापासून निघून सावल्यांकडे जाता जाता हळूहळू शून्याकडे सरकायला हवी. कुठे सांधा दिसता कामा नये. डोळा एकसारख्या उबेला दोन मिनिटांत सरावतो. वाटेत रंग बदलला तर मात्र सरावत नाही.

काळ्या शाईची निवडही कागदावरूनच. मॅट कागदाला मॅट ब्लॅक, चकचकीत आणि बरायटाला (डार्करूमच्या कागदासारखा बेरियमचा थर असलेल्या कागदाला) फोटो ब्लॅक. उलट केलंत तर मॅटवर काळा धुरकट पडेल आणि चकचकीतवर तो बोटाला लागेल. मॅटचा काळा मोजला तर घनता, म्हणजे काळेपणाचं माप, साधारण 1.6 ते 1.7 भरते, चांगल्या बरायटावर 2.2 च्या वर जाते. मॅटवर कोळशासारखा काळा मिळत नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी हा फरक मान्य करून टाकावा आणि गडद सावल्यांतले तपशील आधीच जरा उचलून घ्यावेत.

प्रश्न: पडद्यावर फोटो उजळ, प्रिंट नेहमी काळी. काय करू?

पडद्याचा उजेड कमी करा. कारखान्यातून येताना तो दुकानात उठून दिसावा इतका प्रखर ठेवलेला असतो. मोजता येत असेल तर प्रति चौरस मीटर शंभर कँडेलाच्या आसपास आणा. नसेल तर शेजारी कोरा कागद नेहमीच्या उजेडात धरा आणि पडद्यावरचं रिकामं पांढरं पान त्याच्याइतकंच उजळ दिसेपर्यंत खाली या.

एका वाचकाने कान धरले आहेत: "गेल्या अंकात तुम्ही प्रिंट बाहेर आल्या आल्या पट्टीशी ताडून पाहायला सांगितलंत. माझी प्रिंट संध्याकाळी लालसर होती, सकाळी नाही. मी मात्र रात्रीत तीन कागद वाया घालवले."

चूक माझी. ते वाक्य फक्त 'नॉझल चोंदली आहे का' एवढं पाहण्यापुरतं लिहायला हवं होतं. ओल्या प्रिंटवर रंगाचा निवाडा करू नये. डाय प्रकारच्या, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या, शायांत छटा स्थिरावायला दिवसभरही लागतो, पिगमेंट लवकर बसतं पण तेही लगेच नाही. तीन कागदांची भरपाई मला करता येत नाही, माफी तेवढी स्वीकारा.

प्रश्न: मी आयुष्यभर डार्करूममध्ये छापलं. इंकजेटवर चांदीच्या क्षारांच्या कागदाचा तो शुद्ध तटस्थ करडा मिळेल का?

तुमच्यासारखीच मीही हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या द्रावणाच्या, वासात वाढलेली आहे, म्हणून थोडं भांडते. तो करडा शुद्ध कधी होता? क्लोरोब्रोमाइड कागद उबदार तपकिरीकडे जायचे, ब्रोमाइड गारव्याकडे. डेव्हलपर बदलला की छटा बदलायची. छटा बदलणाऱ्या सेलेनियमच्या द्रावणात बुडवून काढलं की काही कागद थंड व्हायचे, काही वांगी रंगाचे. आपण त्यातला एक कागद उचलला, त्याच्याशी घरोबा केला आणि त्यालाच तटस्थ म्हणू लागलो. फरक एवढाच की चांदीचा कागद कुठलाही असो, खोलीचा दिवा बदलला म्हणून त्याने हिरवा-जांभळा असा कधी पक्ष बदलला नाही.

तुमची एक जुनी प्रिंट काढा, ज्या छटेवर तुमचा जीव आहे ती. तिला खिडकीपाशी, पाच हजार केल्विनच्या आसपासच्या, म्हणजे दिवसासारखा उजेड देणाऱ्या, चांगल्या दिव्याखाली आणि घरच्या दिव्याखाली नव्या प्रिंटच्या शेजारी ठेवा. बरायटा कागद, फोटो ब्लॅक, कृष्णधवल मोड, आणि रंगचक्रावरचं टिंब तुमच्या प्रिंटच्या छटेकडे सरकवत न्या. मला माझ्या जुन्या ब्रोमाइडची छटा गाठायला अकरा पट्ट्या लागल्या. कडेने तिरपं पाहिलं तर शाईची चमक अजून वेगळी कळते, काचेमागे गेल्यावर नाही.

प्रश्न: प्रिंटर दोन महिने बंद होता. आता सगळ्या करड्यात गुलाबी झाक.

नॉझल तपासणी करा, बहुधा फिकी काळी किंवा सायन तुटक येईल. साफसफाई दोनदा करा, लागोपाठ दहादा नको. सफाईत शाई उगीच वाहून जाते आणि टाकाऊ शाईचा बोळा भरतो. तरी तपासणीच्या पानावरच्या रेघा पूर्ण झाल्या नाहीत तर रात्रभर तसाच राहू द्या आणि सकाळी पुन्हा तपासा. पुष्कळदा वाळलेली शाई तोवर सैल झालेली असते. यापुढे आठवड्याला एक छोटी प्रिंट काढत चला, सगळ्या शाया लागतील अशी. रंगीत चालेल.